नववा प्रश्न

आमच्या मानसशास्त्र विभागाचं म्हणून जे काही आहे ते एका लोखंडी कपाटात मावतं. कपाट माझ्याही आधीपासूनचं. खालच्या कडेला खाऱ्या हवेने जाळी पडली आहे आणि पावसाळ्यात कुलूप उघडायचं तर किल्लीला आधी खोबरेल चोळावं लागतं. शिपाईमामांना हे ठाऊक आहे. मे संपता संपता ते एक छोटी बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवतात, न बोलता.

वरच्या कप्प्यात कामत चाचणीची पेटी. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, १९४० साली त्यावर पुस्तकही लिहिलं. आमच्या मुलांना बिने माहीत असतात, कामत नसतात. त्याखाली भाटियांच्या बुद्धिमापन चाचणीसंचातले रंगीत ठोकळे, १६ पैकी १४. उरलेले दोन कुठल्या तरी बॅचमधल्या कुणाच्या तरी धाकट्या भावाच्या खेळण्यात गेले असणार. ज्या नक्षीला सगळे ठोकळे लागतात ती आली की मी ‘समजा’ म्हणते आणि मुलं समजून घेतात. एक मेमरी ड्रम आहे, पाठांतराच्या प्रयोगात एकेक शब्द दाखवणारा, मनात आलं तर फिरतो. आणि सगळ्यात खाली, जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं, आरशात बघून रेघ काढायचं उपकरण.

हे उपकरण माझं लाडकं. एक पाट, त्यावर दुहेरी रेघेची चांदणी, समोर उभा आरसा, आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा. आरशात बघत दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, एवढंच. पहिल्या फेरीला कोणालाच जमत नाही. पेन्सिल कोपऱ्यावर येते आणि तिथेच थरथरते. पुढे ढकलावी तर मागे येते, तिरकी न्यावी तर भलतीकडेच पळते. वर्गात पहिला येणारा मुलगा घामाघूम होतो आणि मागच्या बाकावरचे खूश होतात. दहाव्या फेरीपर्यंत वेळ पुष्कळ खाली येतो. मग हात बदलायचा. ज्या हाताने सरावच केलेला नाही तो हातही आता पहिल्यापेक्षा बरा चालतो. एका हाताचं शिकणं दुसऱ्या हातात कधी उतरलं ते कळतही नाही. परीक्षेत याचं नाव लिहावं लागतं आणि मुलं ते हमखास चुकवतात, पण स्वतःचा डावा हात स्वतःच्या डोळ्यांदेखत शहाणा झालेला बघताना त्यांचे जे चेहरे होतात त्यासाठी मी दर वर्षी हा प्रयोग घेते. मूळ आरशाचा पारा कधीच उडाला. आता तिथे बाजारातल्या काचवाल्याने कापून दिलेला तुकडा आहे. सलूनच्या फुटलेल्या आरशातला, म्हणून कडेला अर्धं कमळ उमटलेलं आहे.

मी शिकत होते तेव्हा मानसशास्त्राची साधनं म्हणजे हे असं होतं. वस्तू. त्या कपाटात असायच्या आणि किल्ली एकाकडे असायची. पुस्तकांचंही तेच. ग्रंथालयात प्रायोगिक मानसशास्त्राचं एकच इंग्रजी पुस्तक, आणि ते ‘बाहेर न देण्याचे’. मी वहीत उतरवून घ्यायची. आकृत्यासकट. एम.ए.ला मुंबईत गेले ते परळला मामाच्या खोलीत राहून, कोकण रेल्वे पुरती सुरू झाली त्याच वर्षी, १९९८ला. रात्री सगळे झोपले की मोरीजवळच्या दिव्याखाली अभ्यास. मुंबईत मिळणारी पुस्तकं पाहून मी काही दिवस नुसती कपाटांसमोर उभी राहायचे. त्या वेळी माझी पक्की समजूत झाली की आमच्याकडच्या मुलांचं अडतं ते या पुस्तकांपायी. पुस्तकं पोचली की झालं.

ही समजूत मी वीसेक वर्षं बाळगली.

पुस्तकं आता पोचली आहेत. नुसती पोचलेली नाहीत, वाहून येतायत. आमच्या गावात नेटवर्क वस्तीत मिळत नाही, सड्यावर मिळतं. संध्याकाळी कातळावर मुलं लांब लांब बसलेली दिसतात आणि नवख्या माणसाला वाटेल की सूर्यास्त बघतायत. त्यातली निम्मी रील बघत असतात हे खरंच, पण काही जण इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोशावरून एम.ए. मानसशास्त्राच्या पुस्तिका उतरवून घेत असतात, फुकट, प्रकरणवार. बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं मराठीत आहेत, एनसीईआरटीची इंग्रजीत. ही चार पुस्तकं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नीट वाचली तर बाजारातल्या गाइडची गरज उरत नाही. पण ती शाळेची म्हणून कॉलेजच्या मुलांना वाचायची लाज वाटते. मी त्यांना सांगते, मी अजून वाचते. ओपनस्टॅक्सचं जाडजूड इंग्रजी पाठ्यपुस्तक तसंच मोकळं. स्वयम या सरकारी संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं. शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध, त्यात मराठीतलेही. आणि आकडेमोडीला एसपीएसएस हे सॉफ्टवेअर विकत घ्यायची ऐपत नसेल तर जासप आणि जमोव्ही आहेत. दोन्ही फुकट, आणि जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालतात.

संख्याशास्त्राबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण मुलं मानसशास्त्र घेतात ते गणितातून सुटलो या आनंदात, आणि दुसऱ्या वर्षी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते, समोर आलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं. ते काढायला शिकवायचं तर आमच्याकडे पापलेट चांगलं. एका टोपलीतल्या पापलेटांची वजनं घ्यायची. सरासरी दोन टोपल्यांची सारखी असली तरी एकीत सगळी एकसारखी आणि दुसरीत दोन मोठी बाकी चिल्लर असू शकतात. कुठली टोपली घ्यायची हे इथल्या प्रत्येकाला जन्मापासून कळतं. फक्त त्याला सूत्र असतं हे माहीत नसतं.

शब्दांची अडचण मात्र खरी आहे आणि ती पीडीएफने सुटत नाही. मुलं बी.ए.ला मराठीत शिकतात ‘अभिसंधान’, ‘प्रबलन’, ‘अभिवृत्ती’. एम.ए.ला हेच कंडिशनिंग, रीइन्फोर्समेंट, ॲटिट्यूड होतं आणि पहिले सहा महिने आपण शिकलोय तेच पुन्हा परक्यासारखं भेटतं. म्हणून मी पहिल्या दिवसापासून वहीत तीन रकाने पाडायला लावते. एक इंग्रजी, एक पुस्तकी मराठी, तिसरा घरचा. तिसऱ्या रकान्याला सुरुवातीला सगळे हसतात. डिप्रेशन, मग नैराश्य, आणि तिसरीकडे काय? एका मुलाने लिहिलं, ‘जीव लागणा नाय’. दुसरीने, ‘काळजाक घोर’. एकीने काहीच न लिहिता रकाना रिकामा ठेवला आणि खाली बारीक अक्षरात, ‘आमच्याकडे कौल लावतात’. मी त्या वहीवर बरोबरची खूण केली.

ही रिकामा रकाना ठेवणारी मुलगी. तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

तिचे वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर. दुसऱ्या वर्षाच्या निकालानंतर ते मला भेटायला आले. पांढरा शर्ट, हातात छत्री, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. चहा संपेपर्यंत पावसाचं बोलले. मग म्हणाले, “बाई, ह्या शिकान चेडू येड्यांचो डॉक्टर होतला काय?”

मी सांगितलं की तो डॉक्टर वेगळा. तो आधी एमबीबीएस करतो, मग मनोविकारात एम.डी. करतो, औषध लिहितो. ही औषध लिहिणार नाही. ही बोलणार, तपासणार, चाचण्या घेणार, शिकवणार.

“बोलण्याचे पैसे गावतत?”

“गावतत.”

“किती?”

इथे खोटं बोलणं फार सोपं असतं. मी म्हटलं, पहिली काही वर्षं तुमच्या होडीच्या इंजिनवाल्यापेक्षा कमी. ते हसले. मला वाटतं त्या उत्तरामुळेच त्यांनी तिला तिसऱ्या वर्षाला बसू दिलं. खूप मिळतील असं म्हटलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

मला हे खरं बोलणं शिकायला पैसे मोजावे लागले होते. नोकरी लागल्यावर काही वर्षांनी मी एका मोठ्या शहरात जाऊन शनिवार-रविवारचा समुपदेशनाचा कोर्स केला. सहा आठवडे. रात्रीच्या गाडीने जायचं, रात्रीच्या गाडीने यायचं. पन्नास जणांचा वर्ग, पडद्यावर स्लाइड, शेवटच्या दिवशी फोटो आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. त्या सहा आठवड्यांत मी एकाही माणसाशी समुपदेशक म्हणून बोलले नाही, आणि मी बोलताना कोणी मला ऐकलं नाही. प्रमाणपत्रावर माझं नाव मात्र ‘प्रमाणित समुपदेशक’ असं छापलेलं. ते कपाटात आहे, मेमरी ड्रमच्या मागे.

आता २०२३चा जुलै. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने विषय घेतला, मासे विकणाऱ्या बायकांची मनःस्थिती, मासेमारी बंदीच्या काळात. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या बंद. विषय चांगला होता. प्रश्नावली म्हणून नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ घ्यायची ठरली. २००१ सालची, जगभर वापरातली, मराठीत उपलब्ध, वापरायला परवानगी लागत नाही. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला. अजिबात नाही याला शून्य, जवळजवळ रोज याला तीन. बेरीज जास्तीत जास्त २७. दोन मिनिटांत डाउनलोड झाली. मी अक्षराचा आकार वाढवायला सांगितला, वेलांट्या तपासल्या, साठ प्रतींच्या झेरॉक्सवर सही केली. कसलं समाधान वाटलं होतं म्हणून सांगू. माझ्या वेळी असं काही मिळवायला मुंबई गाठावी लागली असती.

पहिल्या आठवड्यात ती हसत परत यायची. बंदीत बायका बाजारात सुकट आणि सुके बांगडे घेऊन बसतात, गिऱ्हाईक कमी, त्यामुळे बोलायला वेळ असतो. एकीने पहिल्याच प्रश्नाला अडवलं होतं, “खंयचे दोन आठवडे गो? होडी बंद असतानाचे, काय चालू असतानाचे?” मला हा प्रश्न कुठल्याही शोधनिबंधातल्या मर्यादांच्या परिच्छेदापेक्षा सरस वाटला. सातव्या प्रश्नात एकाग्रतेचं उदाहरण म्हणून वर्तमानपत्र वाचणं दिलेलं आहे. त्यावर सगळी ओळ हसली होती. “पेपर बांधूक असता, वाचूक खंय?” आम्ही ठरवलं की तिथे माशांचे पैसे मोजताना चूक होते का, असं तोंडी समजावून सांगायचं. ते करावं की नाही यावर माझ्या मनात आजही वाद आहे. प्रश्न बदलला की चाचणी तीच राहत नाही. पण त्या दिवशी मी हो म्हटलं.

मग एका दुपारी फोन आला. आवाजामागे पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि ती हळू बोलत होती.

“मॅडम, सतरा नंबर. नवव्याला तीन.”

नववा प्रश्न, मेलेलं बरं असं मनात येतं का, हा आहे. तीन म्हणजे जवळजवळ रोज.

मी गप्प. माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिकेत मनोविकृतिशास्त्राला चांगले गुण आहेत. त्या क्षणी त्यातलं एक वाक्य मला आठवलं नाही. आणि मला हेही त्याच क्षणी कळलं की झेरॉक्सवर सही करताना माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं की या प्रश्नाला कोणी खरं उत्तर देईल.

“तू कुठे आहेस?” “त्यांच्याच मागल्या दारी. त्या आत चहा टाकतायत.” “त्यांना विचारलंस का, मॅडमना सांगू का म्हणून?” “विचारलं. सांग म्हणाल्या. नाव सांगू नको म्हणाल्या.” “मग नको सांगू. जाऊ नकोस तिथून.”

जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ मला एकदा एका प्रशिक्षणात भेटले होते, नंबर होता. त्यांनी फोन उचलला हे माझं नशीब. त्यांनी मला धीरबीर काही दिला नाही. घरात दुसरं कोण आहे, आज रात्री सोबत कोण असेल, याआधी असं काही झालंय का, हे विचारून घ्यायला सांगितलं. मी मध्येच म्हटलं, पोरीने विचारल्यामुळे त्यांच्या डोक्यात तर नाही ना आलं? ते म्हणाले, नाही, विचारल्याने येत नाही. उलट कोणीतरी विचारलं याचं बरं वाटतं बहुतेकांना. मुलीला सांगा, समजूत घालू नकोस, शपथा घालू नकोस, पोरांकडे बघ म्हणू नकोस. बसून राहा.

ती बसून राहिली. संध्याकाळी नणंद आली, तिला त्या बाईंनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिघी एसटीने ओपीडीला गेल्या. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर नणंदेच्या फोनमध्ये घालून दिला. सरकारी, फुकट, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे आणि मला माहीत होता. आमच्या प्रश्नावलीच्या खाली तो छापलेला असायला हवा होता. साठ प्रतींवर विभागाचा शिक्का होता, माझी सही होती, हा नंबर नव्हता.

प्रकल्प आम्ही ३८ अर्जांवर थांबवला. बहिःस्थ परीक्षकांनी शेरा मारला, ‘नमुना लहान आहे.’ बरोबरच होतं.

त्यानंतर माझं करिअर मार्गदर्शन बदललं. आधी मी फळ्यावर झाड काढायचे. बी.ए.चं खोड आणि मग फांद्या, क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक, शालेय, संशोधन. पालक सभेत हे झाड छान दिसतं. आता मी मुलांना एकच विचारायला लावते, कुठल्याही कोर्सच्या ऑफिसात, कुठल्याही इंटर्नशिपच्या मुलाखतीत: मी करत असलेलं काम कोण बघणार? कोण माझ्या शेजारी बसणार, मी बोललेलं कोण ऐकणार, आणि चुकलं तर कोणाला फोन करायचा? उत्तर ‘आमची फॅकल्टी खूप अनुभवी आहे’ असं आलं तर चहा पिऊन परत यायचं.

या एका प्रश्नाने पुष्कळ गोंधळ निवळतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. परिषद १९९२च्या कायद्याची. त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. करायचं, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत (सीआयपी) किंवा परिषदेची मान्यता असलेल्या दुसऱ्या संस्थेत, ही इतकी वर्षं चालत आलेली वाट. जागा थोड्या आणि धडपडणारे फार. तिथे इतकी ओढ कशाची? ती दोन वर्षं रोज वॉर्डात जातात आणि रोज कोणीतरी तुमचं काम बघतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. ही पदवीच मागे पडली आणि क्लिनिकलच्या अभ्यासक्रमांची नावं, रचना बदलत चालली. म्हणून मी आता मुलांना पदवीचं नाव पाठ करू देत नाही. प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावरची मान्य संस्थांची यादी स्वतः उघडायची. जाहिरातीतला ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द कोणाची मान्यता ते सांगत नाही.

समुपदेशक या शब्दाला मात्र असं कुंपण नाही. म्हणून तर माझ्यासारखीला सहा शनिवार-रविवारांत तो मिळाला. याचा अर्थ समुपदेशन हलकं असा नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या (टिस) उपयोजित मानसशास्त्राच्या एम.ए.ला मुलं जीव टाकतात ते उगाच नाही. अर्थ एवढाच की इथे कुंपण आपलं आपण घालायचं.

बाकी फांद्या मी भराभर सांगते. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. सेट पुणे विद्यापीठ घेतं आणि आमच्या मुलांना ती जवळची वाटते. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवावा लागतो आणि आता तालुक्याच्या गावातही अशा शाळा निघाल्यात. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीत मनुष्यबळ विभाग असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसशास्त्रज्ञाचं पद असतं. लहान मुलांच्या तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात, जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही असतं. कंत्राटी, पण काम शिकवणारं. विशेष शिक्षणाचा बी.एड. हा आमच्याकडे कोणी मनावर घेत नाही. मला विचाराल तर गावाकडे राहू इच्छिणाऱ्या मुलीसाठी याच्याइतका चांगला मार्ग नाही. मतिमंद मुलाला घेऊन आई रत्नागिरीला किंवा मुंबईला किती खेटे घालते ते ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. यूपीएससीला मानसशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, हे मी सांगितलं नाही तरी मुलांना माहीत असतं.

आणि आपलं काम बघणारी माणसं शोधायची ती कुठे? लांब जावंच लागतं असं नाही. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आमच्या रत्नागिरीत आहे, आणि आमची मुलं त्याचं नाव फक्त एकमेकांना चिडवायला वापरतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, ज्ञानप्रबोधिनीची मानसशास्त्र शाखा. आणि बांद्याची हद्द ओलांडली की गोवा. तिथल्या संगात या संस्थेचं काम मला स्वतःला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा जरा अपमान झाल्यासारखं वाटलं, इतकं ते जवळ होतं. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. सहा ते आठ बैठका. माणूस नैराश्यात गेला की ज्या गोष्टी करायचं सोडतो त्या हळूहळू पुन्हा करायला लावायच्या, असा साधा गाभा. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा याने बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण जास्त. रुग्ण निवडायला त्यांनी वापरलेली प्रश्नावली कुठली, तर हीच, पीएचक्यू-९.

तो निबंध मी वाचला तेव्हा निष्कर्षांपेक्षा एका तपशिलावर थांबले. हे समुपदेशक आपल्या बैठका ध्वनिमुद्रित करायचे, आणि मग गटात बसून एकमेकांच्या बैठका ऐकून त्यांना गुण द्यायचे. म्हणजे आमच्याकडे होती तीच प्रश्नावली. त्यांच्याकडे शेजारी बसून ऐकणारं कोणीतरी होतं.

आता आमच्या विभागात दर गुरुवारी शेवटच्या तासाला कपाटाशेजारी टेबलं जोडून बसतो. मुलं दोघादोघांत बोलतात, एक बोलणारा, एक ऐकणारा, दहा मिनिटं, फोनवर मुद्रित करून. मग सगळे ऐकतात. पहिल्या वर्षी ऐकताना मुलांना सगळ्यात धक्का बसतो तो आपण किती बोलतो याचा. दहा मिनिटांतली सात ऐकणाराच बोलतो. सल्ले देतो. मीही माझं मुद्रित करून ऐकवलं. एक मुलगा भीत भीत म्हणाला, मॅडम, तुम्ही तीनदा ‘अगं पण’ म्हणालात. मी मोजलं, चारदा. जिल्हा रुग्णालयातले ते डॉक्टर वर्षातून दोन वेळा गुरुवारी येतात, येण्याजाण्याचा खर्चही घेत नाहीत. मे महिन्यात मी आंब्याची पेटी पाठवते. तेवढं घेतात.

ती मुलगी आता ठाण्याला आहे. प्रवेश परीक्षेला तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून गेली, दाराजवळ वहीवर बसून. तीच तीन रकान्यांची वही. कोर्सच्या मुलाखतीत तिने उलटा प्रश्न विचारला म्हणे, माझं काम कोण बघणार? मुलाखत घेणाऱ्या बाई एकदम सावरून बसल्या, मग त्यांनी नीट, नावं घेऊन सांगितलं. ती तिथेच राहिली. फोन करते अधूनमधून. आपल्या पेशंटचं कधी काही सांगत नाही, आणि मी विचारत नाही. जेवणाचं सांगते. बांगडे ताजे मिळत नाहीत, हे दर वेळी.

सतरा नंबर कोण, हे मला आजपर्यंत माहीत नाही. तिने सांगितलं नाही. यादी तिने स्वतःच्या हाताने जाळली, आमच्या परसातल्या चुलीत, पाणी तापवताना.

बाजारात मी बुधवारी आणि रविवारी जाते. ओळीने बसलेल्या असतात सगळ्या, आणि जवळजवळ सगळ्यांनीच तिचे कागद भरून दिले होते. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या चालू झाल्या होत्या, टोपल्यांत ताजी मासळी होती. कोणाकडून घ्यावं म्हणून मी रेंगाळत होते तर एकीने हाक मारली.

“बाई, तां कागदवालां चेडू आता खंय असता?”

“ठाण्याक. शिकता अजून.”

“बरा आसा मां?”

“बरा आसा.”

तिने मला सहा बांगडे मोजून दिले आणि वर आणखी दोन टाकले. मी पैसे काढायला लागले तर हाताने नको म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. शेजारची म्हणाली, “माझ्याकडसूनय घेवा वो बाई, माका पण इचारल्यान होता तेना.” मग तिच्याकडूनही घेतले. इतके बांगडे घरात कोण खाणार होतं कोणास ठाऊक.